थांबलेल्या श्वासाचा आवाज

१

डॉक्टर मधुसूदन धकाते यांना संताप यायला फार काही लागत नसे. 'झोपेचे डॉक्टर' एवढे दोन शब्द पुरत. सदर भागातल्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात ते नोकरीला होते, तिथे कंपाउंडरपासून फाटकासमोरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे दोन शब्द होते. "काय डॉक्टरसाहेब, आज कोणाले झोपवलं?" असं पानवाला विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

ट्रस्टचे गुलाबचंदशेठ तर कपाळावर हात मारून घेत. "डॉक्टरसाब, झोप येत नाही म्हणून लोक येतात, त्यांना गोळी द्या. पण झोप येते म्हणून इलाज? ये तो हद हो गई!"

साल १९८३. मधुसूदन विलायतेत शिकून आले होते. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, माणूस गुदमरतो आणि क्षणभर जागा होऊन पुन्हा झोपतो. रात्रभर हेच चालतं, आणि मग दिवसा तो उभ्या उभ्या पेंगतो. तिकडे यावर मोठाले विभाग उघडले जात होते. आपल्याकडे या दुखण्याला धड नावही नव्हतं. आपल्याकडे त्याला घोरणं म्हणत आणि हसत.

मधुसूदनचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. धोटा हातात धरून झोपी जायचे. गाव त्यांना 'कुंभकर्ण' म्हणायचं. एका दुपारी ते मागावर झोपले ते उठलेच नाहीत, आणि तिरडीमागून चालणारे लोक म्हणाले, "पुण्यवान माणूस, झोपेत गेला." हे वाक्य मधुसूदनच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं होतं. पुण्यवान कसला? गुदमरून मेला माझा बाप, आणि तुम्ही हसत होतात.

२

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे प्लास्टर घालायचे ती खोली त्यांना मिळाली होती. मध्ये भिंत घालून तिचे दोन भाग केले होते आणि भिंतीत एक काच बसवली होती. काचेच्या पलीकडे लोखंडी खाट, काथ्याची गादी, खिडकीला कूलर. अलीकडे मेंदूच्या लहरी कागदावर पेनने टिपणारं जुनं मशीन. त्याला त्यांनी नाकापुढचा श्वास मोजणारी एक तार आणि छातीचा पट्टा स्वतःच्या हाताने जोडला होता. उशाशी माइक आणि अलीकडे रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेला लाउडस्पीकर. अलीकडून आत बोलायचीही सोय होती. मदतीला प्रेमिला सिस्टर. मशीन सकाळी फिट्सच्या पेशंटना लागे, त्यामुळे झोपेची तपासणी दुपारी. पेशंटही बहुतेक रातपाळीवालेच, त्यांची झोप दुपारचीच.

मे महिन्यात कन्हानहून शालिकराम हेडाऊ आला. सोबत बायको, सुभद्रा. घराणं विणकरांचं, पण माग केव्हाच मोडीत निघाले आणि शालिकराम कोळशाच्या खाणीत लागला. माणसांची डोली वर-खाली करणारं इंजिन त्याच्या हाती होतं. एका पहाटे इंजिनावरच त्याचा डोळा लागला, डोली आदळली आणि आतल्या एका माणसाचा पाय मोडला. आता चौकशी लागली होती. आजार सिद्ध झाला तर त्याला दुसरं हलकं काम मिळणार होतं. नाहीतर नोकरी जाणार होतीच, वर पोलीस केस.

"मी झोपत नाही जी," शालिकराम मान खाली घालून म्हणाला. "मले डोया कवा लागते समजतच नाही. त्या पोराचा पाय मोडला, त्याच्या मायले मी काय तोंड दाखवू?"

"घरी किती घोरतात?" मधुसूदनने सुभद्राला विचारलं.

"घोरते तं चालते जी. घोरणं थांबते तवा भेव लागते." तिने पदर सावरला. "मंग मी छातीवर हात ठेवते. हात ठेवला का हे दचकून श्वास घेतेत."

"हाक नाही मारत?"

सुभद्रा लाजली. "मी कशी नाव घेऊ? अन् घरात दुसरं आहे कोण? सासू नाही, सासरा नाही. पोरगी बाबा म्हणते." लग्न झाल्यापासून शालिकराम झोपेतून उठला होता तो फक्त तिच्या हाताने.

"इथे हात लावायचा नाही," मधुसूदन म्हणाले. "श्वास किती वेळ थांबतो तेच तर मला दाखवायचंय. तुम्ही बाहेर बाकावर बसा."

तिला ते आवडलं नाही. पण डॉक्टरपुढे बोलणार कोण? ती बाहेर जाऊन बसली.

३

शालिकराम पडल्या पडल्या झोपला. स्पीकरमधून घोरणं यायला लागलं, करवतीने ओला लाकूडफाटा कापावा तसं. मधुसूदन खुशीत आले. मग घोरणं एकदम तुटलं. नाकाची पेन सरळ रेघ ओढायला लागली. छातीचा पट्टा मात्र वर-खाली होत होता. माणूस श्वासासाठी धडपडत होता आणि हवा आत जात नव्हती.

"बघा प्रेमिला, बघा! हेच ते!"

प्रेमिलाने कागदाकडे पाहिलंच नाही. ती स्पीकरकडे बघत होती. "सर, मग हे कोण श्वास घेतंय?"

स्पीकरमधून श्वासाचा आवाज येत होता. मंद, एकसारखा. पोटभर जेवलेल्या माणसाने दुपारी घ्यावा तसा. पेन सरळ रेघ ओढत होती, काचेपलीकडे शालिकरामची छाती तडफडत होती, आणि हा श्वास आपला निवांत चालू होता.

"कूलर आहे तो. बंद करा."

प्रेमिलाने आत जाऊन कूलर बंद केला. पाण्याची टपटप थांबली, पंखा फिरत फिरत मंदावला. श्वास चालूच. मग शालिकराम मोठ्याने फुर्रकन दचकला, हवा आत गेली, करवत पुन्हा सुरू झाली. तो दुसरा आवाज गेला. घोरणं तुटलं की पुन्हा आला. दर वेळी तसंच व्हायला लागलं. जणू तो जागा मोकळी व्हायचीच वाट बघत होता.

मधुसूदनने स्पीकरला एक चापट मारली. जुनाट, भंगार, ट्रस्टच्या चिक्कूपणाचं कार्टं! मग तार बदलली, माइक बदलला. दुसऱ्या दिवशी माइक कोपऱ्यात टांगून पाहिला. स्वतः खाटेवर पडून पाहिलं. प्रेमिलाला फक्त त्यांचाच श्वास ऐकू आला. रिकाम्या खोलीत काहीच नाही. दुसरा पेशंट झोपवला, त्याच्यातही काही नाही. शालिकराम झोपला की मात्र हजर.

शेवटी त्यांनी प्रेमिलाला आतच बसवलं. ती थोड्या वेळात बाहेर आली. "आत काही ऐकू येत नाही, सर."

"मग झालं तर! स्पीकरचाच दोष."

"हो, सर. पण उशाकडे पाठ करून मला बसवेना."

मधुसूदन खेकसले, "तुम्ही नर्स आहात की भगत?" प्रेमिला कागद गुंडाळायला लागली. त्यांना मागाहून वाईट वाटलं, पण माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

४

खाणीचे डॉक्टर गोपाळराव तपासणी डोळ्यांनी पाहायला येणार होते. त्यांच्या एका शेऱ्यावर शालिकरामचं सगळं अडलं होतं. गृहस्थ आधीच फोनवर म्हणाले होते, "धकाते, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. त्या कागदावरच्या रेघोट्या मला दाखवू नका. माणसाचा श्वास बंद पडतो म्हणता ना? मग मला तो बंद पडलेला ऐकवा."

आणि ऐकवायचं तर मध्ये होता तो दुसरा श्वास. मधुसूदनच्या अंगाचा तिळपापड झाला. गुलाबचंद हसले ते सोसलं, पानवाला हसला तेही सोसलं. आता ऐन वेळी एका गरीब माणसाच्या पोटावर पाय आणायला हे कोण उपटलं होतं?

"सर, स्पीकर बिघडलाय म्हणून सांगू," प्रेमिला म्हणाली. "पेन तर आहेच."

"आणि ते म्हणतील, धकाते लपवतोय. नाही! समोरासमोर होऊ द्या. शालिकरामला हाक मारतो. गुदमरलेला माणूस ओ देऊ शकत नाही. देणार कशाने, घसाच मिटलेला असतो. तो बोलला नाही की गोपाळरावांचं तोंड बंद."

युक्ती बिनतोड होती. लग्नापासून कुणी शालिकरामला झोपेत नाव घेऊन हाक मारलेली नाही, ही गोष्ट त्यांना माहीत होती. पण तिला काही अर्थ असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. यायचं तरी काय कारण?

५

गोपाळराव सफारीत घामाघूम होऊन आले, खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले. सुभद्रा बाहेरच्या बाकावर. उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून खिडकीला वाळ्याचा पडदा सोडला होता. खोलीत हिरवट अंधार होता.

शालिकराम झोपला. करवत चालली, तुटली. पेन सरळ झाली.

"हा बघा," मधुसूदन म्हणाले. "श्वास थांबला."

स्पीकरमधून तो दुसरा श्वास आला. मंद, समाधानी.

गोपाळराव हसले. आवाज न करता, खांदे हलवून. "छान चाललाय की श्वास. धकाते, तुमचं मशीन झोपलंय."

मधुसूदनच्या डोळ्यांपुढे उमरेडची ती तिरडी आली, मागून चालणारी हसरी तोंडं आली. त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि रागाच्या भरात, हवी त्याहून कितीतरी मोठ्याने हाक मारली.

"शालिकराम!"

"हौ," स्पीकर म्हणाला.

स्वच्छ, मोकळा आवाज. अजिबात झोपेतला नाही. हाकेचीच वाट बघत बसलेल्या माणसाचा.

पेन सरळ रेघ ओढत होती. काचेपलीकडे शालिकरामचे ओठ काळेनिळे पडले होते, तोंड मिटलेलं होतं.

"जागा आहे तुमचा पेशंट," गोपाळराव उठत म्हणाले. "सोंग."

मधुसूदन धावत आत गेले. सुभद्रा त्यांच्या आधीच आत पोचली होती. हाक तिनेही ऐकली होती. तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर दाबले होते. "अजी, उठा! उठा जी! अवो डॉक्टर, हे उठून नाही राहिले!"

तळहातांखाली छाती धडपडली, पुन्हा धडपडली, आणि थांबली. मधुसूदन त्याचा जबडा पुढे ओढायला वाकले, तेवढ्यात श्वास सुरू झाला. दचकणं नाही, फुर्र नाही. मंद, एकसारखा, निवांत. हा श्वास ते आता चांगलाच ओळखत होते.

शालिकरामने डोळे उघडले. छातीवर हात ठेवून रडणाऱ्या बायकोकडे त्याने पाहिलंच नाही. तो मधुसूदनकडे बघत होता.

"तुम्हीच हाक मारली ना?" तो म्हणाला, आणि हसला.

६

गोपाळरावांचा शेरा गेला आणि शालिकरामची नोकरी गेली. मधुसूदन खाणीच्या कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून आले. "घसा मिटलेला माणूस बोलेल कसा?" "पण बोलला ना साहेब?" असं कचेरीतल्यांनी विचारलं. फेरतपासणी घेतली, तर शालिकराम लहान मुलासारखा झोपला. घोरणं नाही, श्वास अडणं नाही. पोलीस केस तेवढी रेंगाळली.

गुलाबचंदशेठना मात्र भरतं आलं. घोरणारा माणूस एका तपासणीत बरा झाला, ही बातमी सदर ओलांडून कामठीपर्यंत गेली. कामठीच्या लूमवाल्यांच्या बायका नवऱ्यांना रिक्षात घालून आणू लागल्या. दारावर नवी पाटी लागली, 'निद्राविकार विभाग', निळ्या अक्षरांत. विलायतेतून परतताना विमानात बसून मधुसूदनने जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. त्या पाटीकडे बघून त्यांना असा संताप येई की वाटे, दगड उचलावा आणि घालावा.

एका दुपारी प्रेमिला जेवायला गेली होती. खाट रिकामी होती, स्पीकर चुकून चालू राहिला होता. मधुसूदन कागदाची गुंडाळी बदलत होते.

स्पीकरमधून घोरणं आलं. करवत, ओला लाकूडफाटा. मग ते तुटलं.

त्यांनी काचेतून पाहिलं. खाटेवर कुणी नव्हतं. माइक, तार, बाहेरचा कुणीतरी पेंगणारा नातेवाईक, मनाशी सगळी उत्तरं एकामागून एक मांडून झाली. तोवर घोरणं पुन्हा सुरू व्हायला हवं होतं. ते होत नव्हतं. नुसती शांतता, आणि त्या शांततेत काहीतरी धडपडत असल्याचा गादीच्या काथ्याचा करकर आवाज.

ते आत गेले. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी गादीवर, छाती असते त्या जागी, तळहात ठेवला.

गादी कोमट होती. घामाने ओली होती. तळहाताखाली ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग त्या धडपडीतून एक हुंदका फुटावा तसा श्वास आत गेला, आणि हाताखालची गादी नुसती गादी झाली.

कोणाला सांगणार? आणि कोणत्या तोंडाने? त्या दिवसापासून जमेल त्या दुपारी ते प्रेमिलाला कामाला धाडत, दार लावून घेत आणि रिकाम्या खाटेवर हात ठेवून बसत. चिडत, स्वतःला शिव्या देत बसत. त्यांचा हात सुभद्राचा नव्हता. दर वेळी श्वास परत यायला जास्त वेळ लागत होता.

७

पावसाळा सरता सरता सुभद्रा आली. शालिकराम सोबत होता. धष्टपुष्ट झालेला, डोळे टवटवीत. तो बाहेरच्या बाकावर बसला. ती एकटी आत आली आणि नमस्कार न करता बोलायला लागली.

"तुम्ही माह्या माणसाले काय केलं?"

"बसा. काय झालं?"

"मले बसाचं नाही. काहून मारली हाक? मी होती ना बाहेर! दोन पावलांवर होती! माहा हात काहून काढला तुम्ही?" तिने बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "घोरत नाही, दचकत नाही. लोक म्हणते बाई नशिबाची. मी झोपेत छातीवर हात ठेवते तं तो माहा हात उचलते न् बाजूले ठेवते. झोपेतच! पोरगी बाबा, बाबा करते, वळून पायत नाही. कोणी नाव घेऊन हाक मारली का लगेच हौ म्हणते. साऱ्या वस्तीले ओ देते, पोरीले देत नाही."

मधुसूदन काही बोलणार, तेवढ्यात स्पीकरमधून घोरणं आलं.

सुभद्रा थांबली. ती स्पीकरकडे वळली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "हे इथंच हायेत?" ती हळूच म्हणाली. "इतके दिवस? एकटे?"

ती आत गेली, खाटेच्या उशाशी बसली आणि रिकाम्या गादीवर हात ठेवला. काचेतून मधुसूदनला दिसलं, घोरणं तुटताच तिचा हात वर आला. आपण हात उचलतो तसा नव्हे, खालून कुणीतरी उचलल्यासारखा. एकदा, पुन्हा एकदा.

"अजी, मी आली. उठा जी. घरी चला." हात वर येत होता, पण आता कमी कमी. "उठा ना!"

बापाच्या वेळी मधुसूदन शाळेत होते; तिथे त्यांना काही करता आलं नव्हतं. इथे ते उभे होते. त्यांनी दार ढकलून आत पाऊल टाकलं.

"नाव घ्या!" ते ओरडले. "मी नाव घेऊन हाक मारली म्हणून हे झालं. तुम्ही नाव घ्या, म्हणजे तो परत येईल. घ्या!"

विज्ञानाचा हा माणूस असं बोलला, आणि बोलताना त्याला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. सुभद्राने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदाही न उच्चारलेला शब्द तिच्या ओठांवर येऊन अडला. तिने पदर डोक्यावर घेतला, खाली वाकली, गादीला तोंड लागेल इतकी वाकली, आणि जगात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात म्हणाली,

"शालिकराम."

तिचा हात वर आला नाही. काथ्याची करकर थांबली. दोघंही श्वास रोखून त्या गादीकडे बघत राहिले.

"हौ," बाहेरच्या बाकावरून मोकळा, टवटवीत आवाज आला. "आलो."

आणि व्हरांड्यातून चपला दाराकडे यायला लागल्या. सुभद्रा दोन्ही हातांनी गादी चाचपत होती, थापटत होती, हलवत होती. गादी गार पडत चालली होती.